बैल, डॉज आणि जुनी पिकअप

मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणासमोर स्वतःच्याच वेढ्याच्या तोफा फोडून टाकल्या. टिपू सुलतानाने त्या हिसकावल्या नव्हत्या. १५ मेला अरकेरेजवळ झालेली लढाई तर कॉर्नवॉलिसनेच जिंकली होती. पण तोफा ओढायला बैल उरले नव्हते. पाऊस लवकर सुरू झाला, चारा मिळेना, जनावरे रोज पडू लागली आणि शेवटी अवजड तोफा माणसांनी ओढायची पाळी आली. धान्यही संपत आले होते. तोफा निकामी करून फौज बंगळूरच्या वाटेला लागली.

माघार सुरू होते न होते तोच समोरून घोडदळ आले. आधी ते शत्रूचेच वाटले. निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे. टिपूच्या हलक्या स्वारांनी हरकारे वाटेतच पकडल्यामुळे मराठी फौज इतकी जवळ आल्याचा कॉर्नवॉलिसला पत्ता नव्हता. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होते आणि उपाशी इंग्रजी फौजेने ते चढ्या भावाने विकत घेतले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७९२ मध्ये, तीच दोस्त फौज पुन्हा श्रीरंगपट्टणावर आली तेव्हा लमाणांचे धान्याचे तांडे आणि ओढीची जनावरे यांची तजवीज आधी केलेली होती. या वेळी टिपूला तह करावा लागला.

म्हैसूरला बदली होऊन आलेला मराठी माणूस ही हकीकत ऐकतो तेव्हा त्याचे लक्ष हरिपंतांकडे आणि परशुरामभाऊंकडे जाते. ते साहजिक आहे. पण गाड्यांशी ज्याचा रोजचा संबंध येतो त्याने बैलांकडे बघावे. कॉर्नवॉलिसला अडवले ते वाहतुकीच्या साधनाची निगा न राहिल्याने. आणि ज्याच्याशी तो लढत होता त्या म्हैसूरकडे या निगेची व्यवस्था तेव्हा शंभर वर्षांची जुनी होती.

त्या व्यवस्थेचे नाव अमृतमहाल. चिक्कदेवराज वडेयरांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजवाड्याला दूधलोणी पुरवणारे खाते म्हणून ती सुरू झाली. हैदरने त्यातून फौजेचे बैल काढले आणि टिपूने तिला अमृतमहाल हे नाव दिले. हळ्ळीकार जातीपासून घडवलेली ही जनावरे अंगाने फार मोठी नसत, पण लांब पल्ल्याला चिवट. कळपांसाठी राखीव कुरणे होती, त्यांना इथे 'कावल' म्हणतात. ऋतूप्रमाणे कळप एका कुरणातून दुसऱ्यात हलत. टिपूने देखरेखीचे नियम लिहून काढले आणि दरवर्षी गणती होऊ लागली. कोणते जनावर ओढीचे, कोणते पैदाशीचे, कोणते बाद करायचे, हे ठरलेले असे. आजच्या भाषेत सांगायचे तर लॉगबुक, वार्षिक तपासणी आणि सुट्या भागांचा साठा, तिन्ही त्यात होते.

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले आणि कळप नव्या म्हैसूर सरकारकडे गेले. थोड्याच वर्षांत त्यांची अवस्था खालावली, म्हणून १८१३ मध्ये कंपनीने ते आपल्या ताब्यात घेतले. याच बैलांच्या जोरावर १८१८ च्या धामधुमीत जनरल प्रिट्झलरच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करताना २५ दिवसांत ३४६ मैल मजल मारली, अशी म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. रोजचे सरासरी १४ मैल, तेही तोफखान्यासह. पेशवाईच्या अखेरीबद्दल आपण बरेच वाचतो. तिच्यामागे लागलेल्या तोफा म्हैसूरचे बैल ओढत होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

१८६० च्या सुमारास खर्च वाचवण्यासाठी कळप मोडीत काढण्यात आले. चांगली जनावरे विकली गेली आणि काही वर्षांतच, लष्कराला ओढीचे बैल मिळेनासे झाल्यावर, तेच खाते पुन्हा उभे करावे लागले. देखभालीवरचा खर्च कागदावर नेहमी वायफळ दिसतो, कारण जे बिघडले नाही त्याची कुठे नोंद होत नाही.

यंत्राच्या गाड्या आल्या आणि बैलांची जागा त्यांनी घेतली, पण मूळ प्रश्न तोच राहिला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि शेवरलेच्या गाड्या व ट्रक देशभर गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय सैन्याचे यांत्रिकीकरण अर्धवट होते. पुढच्या चारपाच वर्षांत गाड्यांचा पूर आला. त्यात कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेवरले होते, अमेरिकन डॉज आणि जीप होत्या. ज्याला आज आपण पिकअप म्हणू तो वर्ग तेव्हा 'फिफ्टीन हंड्रेडवेट' म्हणून ओळखला जाई, म्हणजे सुमारे ७६० किलो माल नेणारी गाडी. कालपर्यंत नांगर धरलेला मुलगा चार महिन्यांत ड्रायव्हर होत होता. गाडी बिघडली की तिच्यामागे अख्खा कॉन्व्हॉय अडत होता.

दुरुस्तीचे काम तोवर ऑर्डनन्स खात्याकडे, म्हणजे मुळात भांडार सांभाळणाऱ्यांकडे होते. १९४३ मध्ये ते वेगळे काढून नवे दल उभे झाले. आजचे ईएमई ते हेच. १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापनादिन. दुरुस्तीच्या पायऱ्या ठरल्या: युनिटमध्ये काय करायचे, फील्ड वर्कशॉपमध्ये काय, बेस वर्कशॉपला काय पाठवायचे. पण सगळ्यात खालची आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी ड्रायव्हरची राहिली. सकाळी गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, संध्याकाळी गाडी लावल्यावर लास्ट परेड. नव्या मुलांना हे कवायतीसारखे कंटाळवाणे वाटते. पण त्यामागचा विचार सरळ आहे: कारागीर थोडे, ड्रायव्हर पुष्कळ, म्हणून बिघाड कारागिराकडे जाण्याआधी ड्रायव्हरच्या नजरेत यायला हवा.

याच काळात म्हैसूरला मोटारींचा कारखाना येता येता राहिला. त्या गोष्टीत दोन माणसे आहेत. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनिअर झालेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना १९०३ मध्ये खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे आणि १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे काढलेल्या आम्हा सगळ्यांना तो तलाव पाठ आहे. त्याच्या दरवाज्यांचा म्हैसूरशी असलेला धागा मला इथे आल्यावर नीट उमगला. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. विश्वेश्वरय्यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेत फिरून मोटार कारखाने पाहिले आणि भारतात कारखाना काढायची योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलली आणि १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार केला. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होते. वालचंदांची दुसरी योजना विमानांची होती. ती युद्धाच्या गरजेची म्हणून मान्य झाली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना झाली. मोटारीची योजना मात्र युद्धोपयोगी नाही असे हिंदुस्थान सरकारने ठरवले, आणि म्हैसूरला मागे सरावे लागले.

ज्या वर्षांत सैन्याला हजारो गाड्या लागत होत्या, त्या वर्षांत मोटारींचा कारखाना युद्धोपयोगी ठरला नाही. वालचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही ट्रकची नावे जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे होती. महिंद्रांनी माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग आणून फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने १९५३ नंतर दार बंद केले आणि शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये थांबला. जबलपूरला सैन्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शक्तिमान आणि १९६९ पासून जोंगा व निसान वन-टन बनू लागल्या. जोंगाचे सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन तेल पीत असे, पण बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. १९८८ मध्ये टेल्कोने पुण्यात टाटामोबाइल काढली आणि खेड्यापाड्यांत 'पिकअप' हा शब्द रुळला.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान होती. त्या टंचाईच्या देशासाठी होत्या. नवी गाडी नंबर लावून मिळे, सुटा भाग महिनोन्महिने येत नसे. म्हणून गाडी अशी हवी की ती रस्त्याकडेला पाना, पक्कड आणि तारेने घरी नेता यावी. त्या गरजेतून कारागिरांची एक पिढी तयार झाली. म्हैसूरला ती जास्त दिसते, त्याला कारण यादवगिरीचा आयडियल जावाचा कारखाना. १९६१ पासून १९९६ पर्यंत तिथे जावा आणि येझदी मोटारसायकली बनल्या. कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली तरी पॉइंटमधली फट नखाने चाचपून सांगणारे मिस्त्री या शहरात अजून सापडतात. त्यांचे केस पांढरे झाले आहेत आणि हाताखाली शिकायला फारसे कोणी नाही.

बंडीपाळ्यच्या बाजार समितीत पहाटे गेलात तर जुन्या पिकअप रांगेने दिसतात. टोमॅटो, नारळ, केळी, भाजी. बहुतेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या. गाडी एक दिवस बंद पडली तर माल सडतो आणि त्या आठवड्याचा हप्ता चुकतो. कॉर्नवॉलिसच्या बैलांचे जे झाले तेच इथे लहान प्रमाणात होते. म्हणून या इतिहासातून जुन्या पिकअपवाल्याच्या उपयोगी पडेल तेवढे खाली देतो.

पहिले, फर्स्ट परेड. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर असताना डिपस्टिक पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी तेलात उतरते आहे; अशी गाडी चालू करू नका, हेड गॅस्केट तपासून घ्या. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडा. फॅन बेल्ट बोटाने दाबा. फार ढिला असेल तर चार्जिंग कमी होते आणि इंजिनही तापते. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पाहा. ती हळूहळू उतरत असेल तर लायनर झिजत आहेत. एकदम उतरली असेल तर गळती आहे, चाकाच्या आतली बाजू ओली आहे का बघा. मग वाकून गाडीखालची जमीन पाहा. रात्रभर पडलेला एक ठिपका जे सांगतो ते मीटर सांगत नाहीत. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात.

दुसरे, गाडी सुरू होत नसेल तर आधी एकच प्रश्न विचारा: सेल्फ इंजिन फिरवतो की नाही? फिरवत नसेल आणि नुसता 'टक' आवाज येत असेल तर दोष बहुधा बॅटरीत, तिच्या टर्मिनलवर किंवा अर्थिंगच्या पट्टीत असतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळल्यावर निम्म्या गाड्या सुरू होतात. नवी बॅटरी घ्यायला त्याआधी धावू नका. सेल्फ चांगला फिरवतो पण इंजिन पकडत नाही, तर दोष पुढे आहे. जुन्या डिझेल गाडीत मग दोनच गोष्टी शोधायच्या: डिझेल पोचते का, आणि थंडीत हीटर प्लग तापतात का. टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा पाइपचा जोड ढिला झाला की लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करा, फीड पंपाचा हातपंप दाबत राहा, बुडबुडे थांबून नुसते डिझेल यायला लागले की स्क्रू आवळा. पेट्रोल गाडीत प्लगला करंट येतो का ते आधी, कार्ब्युरेटरला पेट्रोल येते का ते नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईल, पण बिघाड कशात होता ते कळणार नाही आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरे, धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आधी पाहा, नोझल नंतर. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पांढरा धूर सकाळी क्षणभर आला तर चालेल, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर अर्धवट जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी, दोन्हीकडे बघावे लागते.

चौथे, गाडी तापत असेल तर क्रमाने जा: पाणी, बेल्ट, होज पाइप, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि पाला, मग थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत आपल्याकडे फार आहे. त्याने इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. खराब असेल तर नवा बसवा. साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरा, नाहीतर आतून गंज धरतो.

पाचवे, पाटे आणि ग्रीस. पिकअपचे मागचे पाटे ठरावीक वजनासाठी केलेले असतात, साधारण टनभर. दीड टन भरला तरी गाडी त्या दिवशी चालते. पण शॅकल, यू बोल्ट, बेअरिंग, ब्रेक, टायर, सगळ्यांचे आयुष्य त्याच फेरीत कमी होते. बैलावर जादा ओझे घातले की तो मान टाकतो आणि आपल्याला कळते. पाटा असे काही दाखवत नाही, तो महिन्याभराने घाटात तुटतो. ग्रीस निपलला नवे ग्रीस जोडातून बाहेर दिसेपर्यंत ग्रीस द्या, आधी निपल पुसून. मळलेल्या निपलमधून गेलेली वाळू आतला भाग कानसीसारखी घासते.

सहावे, वही. शंभर पानांची साधी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती तेल टाकले. तेलाचा खप हळूहळू वाढतो तेव्हा तो लक्षात राहत नाही, वहीत मात्र दिसतो. गाडी विकताना या वहीला किंमत येते, पण तिचा खरा उपयोग मालकाला असतो. अमृतमहालची वार्षिक गणती हेच काम करत होती.

आता एक कटू गोष्ट. निगा म्हणजे प्रत्येक जुनी गाडी जिवंत ठेवण्याचा हट्ट नव्हे. टिपूच्या खात्यातही बाद जनावरे वेगळी काढली जात. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणानंतर जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीचा खर्च वाढला आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. संरक्षणाच्या कामातली खास वाहने त्यातून वगळली आहेत. यावर गाडीवाल्यांचा राग मी इथे रोज ऐकतो. त्यातला काही योग्यही आहे, कारण वय आणि अवस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. पण चासी गंजून पापुद्रे सुटत असतील, ब्रेकचे लोखंडी पाइप खाल्ले गेले असतील, स्टिअरिंगमध्ये चार बोटे खेळ असेल आणि तो किंगपिन बदलूनही जात नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. तिच्यापुढे शाळेची मुले चालत असतात. इंजिन थकले तर माल अडतो, ब्रेक गेले तर माणूस जातो. पैसे थोडे असतील तर आधी ब्रेक, मग टायर, मग स्टिअरिंग, आणि इंजिनचा धूर सगळ्यात शेवटी. बाजारात मी उलटा क्रम पाहतो, कारण धूर दिसतो आणि ब्रेकचा पाइप दिसत नाही.

बैल गेले, डॉज गेल्या, जोंगाही लिलावात निघाल्या. आताच्या गाड्यांत सेन्सर आहेत आणि बिघाड संगणक सांगतो. ते चांगलेच आहे. त्या गाड्या कमी धूर सोडतात आणि कमी बिघडतात. पण तेल, पाणी, हवा, ब्रेक आणि जमिनीवरचा ठिपका त्यांनाही आहेत, आणि तो ठिपका अजून माणसालाच वाकून बघावा लागतो. तुमच्या गावात पॉइंट आणि नोझल जाणणारा म्हातारा मिस्त्री असेल तर घरातल्या एखाद्या मुलाला सुट्टीत चार आठवडे त्याच्याकडे बसवा. मिस्त्री पैसे मागेल. ते द्या.